बर्गनचा लाकडी धक्का आणि एक नोंदवही

परदेशातल्या कुठल्याही शहराची माहितीपुस्तिका उघडा, 'अवश्य पाहावीत अशी ठिकाणे' ही यादी पहिल्या दोन पानांत सापडतेच. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गन शहराची यादीही ठरलेली आहे. बंदराकाठची रंगीत लाकडी घरे, मासळी बाजार, डोंगरावर नेणारी छोटी रेल्वे, राजाचा दगडी दरबार, एक जुना बुरूज, संगीतकार एडवर्ड ग्रीग यांचे घर. यादीच्या तळाशी, बहुधा बारीक टाइपात, आणखी एक नाव असते : सेंट यॉर्गन इस्पितळ, कुष्ठरोग संग्रहालय. फार थोडे प्रवासी तिथपर्यंत पोचतात. मला आज सांगायचे आहे ते मुख्यतः यादीतल्या पहिल्या आणि शेवटच्या नावाबद्दल.

हे शहर मी स्वतः पाहिलेले नाही. कारकुनाच्या पगारात आणि शिल्लक रजेत नॉर्वे बसत नाही. पण घरबसल्या जग पाहण्याची एक सोय गोव्यात पूर्वापार आहे, ती म्हणजे आपले तारवटी. आमच्या वाड्यावरचा एक मुलगा क्रूझ जहाजावर कामाला आहे. उन्हाळ्यात त्याचे जहाज नॉर्वेच्या किनाऱ्याने फिरते आणि बर्गनच्या धक्क्याला दिवसभर लागते. सुट्टीवर आला की माहितीपत्रके, नकाशे, मोबाइलमधले फोटो असा ऐवज घेऊन तो माझ्याकडे येतो. इतिहासाचे वेड असलेला वाड्यावर मी एकटाच, हे त्याला ठाऊक आहे. बर्गनहून पहिल्यांदा आला तेव्हा मात्र त्याने इतिहासाचे काही सांगितले नाही. "काका, थंयचो पावस पळोवंक जाय!" एवढेच म्हणाला.

गोव्याच्या माणसाला पावसाचे कौतुक वाटावे म्हणजे पाऊस तसाच असला पाहिजे. बर्गनमध्ये वर्षाला सुमारे २,२५० मिलीमीटर पाऊस पडतो. आकडा आपल्यापेक्षा कमीच, कारण गोव्यात तो ३,००० च्या आसपास जातो. पण आपला पाऊस चार महिन्यांत आपले काम उरकून निघून जातो, त्यांचा बारा महिने मुक्कामाला असतो. २००६ च्या ऑक्टोबरअखेरीस सुरू झालेला पाऊस २००७ च्या जानेवारीपर्यंत सलग ८५ दिवस एकही दिवस न चुकता पडला. समुद्रावरून येणारे ढग शहराभोवतीच्या सात डोंगरांना अडतात आणि तिथेच रिकामे होतात. अशा ओल्या शहरात लाकडाची घरे शेकडो वर्षे कशी टिकली, हा प्रश्न मला पडला आणि तिथून माझे वाचन सुरू झाले. गंमत अशी की त्या घरांचा खरा शत्रू पाणी नव्हताच, आग होती.

ओलाव किर्रे या राजाने १०७० च्या सुमारास हे गाव वसवले असे परंपरा सांगते. जमिनीत आत शिरलेली लांबट खाडी, तिच्यात जहाजांना सुरक्षित जागा आणि पाठीशी डोंगर. तेराव्या शतकात हे नॉर्वेच्या राजांचे मुख्य ठाणे होते. राजा हाकॉन हाकॉनसन याने खाडीच्या तोंडाशी दगडी दरबार बांधला. १२६१ मध्ये त्याचा मुलगा मागनुस याचे डेन्मार्कच्या राजकन्येशी लग्न झाले, त्याची मेजवानी याच दालनात झाली. हा दरबार आजही उभा आहे आणि यादीत त्याचे नाव वरच्या भागात असते. पण बर्गनला श्रीमंत केले ते राजांपेक्षा एका माशाने.

तो मासा म्हणजे कॉड. बर्गनच्या पुष्कळ उत्तरेला लोफोतन बेटांच्या समुद्रात हिवाळ्याच्या अखेरीस तो थव्याथव्यांनी येतो. तिथले कोळी त्याचे डोके व आतडी काढतात, दोन-दोन मासे शेपटीकडून एकत्र बांधतात आणि लाकडी मांडवांवर टांगून ठेवतात. मीठ अजिबात लावत नाहीत. फेब्रुवारी ते मे महिन्यांतला थंड वारा बाकीचे काम करतो. मासा सुकून लाकडासारखा टणक होतो, वजन पाचव्या हिश्श्याच्या आसपास उतरते आणि मग तो वर्षानुवर्षे टिकतो. पावसाळ्याच्या तोंडावर पुरुमेंत भरून ठेवणाऱ्या गोव्याला सुक्या मासळीचे मोल वेगळे सांगायला नको. मध्ययुगातल्या युरोपात उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य होते, मासा चालत असे, आणि असे दिवस वर्षात पुष्कळ. त्यामुळे समुद्रापासून दूर असलेल्या गावांतही या न कुजणाऱ्या माशाला अखंड मागणी होती.

इथे एक खुलासा करतो. पोर्तुगीजांचा लाडका 'बाकाल्याव' आपल्याकडेही नावाने परिचित आहे. तोही कॉडच, पण तो मीठ लावून सुकवलेला. बर्गनचा जुना व्यापार बिनमिठाच्या माशाचा होता, खारवलेल्याचा धंदा नॉर्वेत पुष्कळ नंतर वाढला. आज पोर्तुगालच्या बाकाल्यावचा मोठा वाटा नॉर्वेतूनच येतो. म्हणजे लिस्बनच्या ज्या ताटाची आठवण जुन्या गोव्यातल्या काही घरांनी जपली, त्या ताटातल्या माशाचे माहेर हा उत्तरेकडचा समुद्र आहे.

उत्तरेकडचे कोळी सुका मासा होड्यांत भरून बर्गनला आणत. त्यांना हवे असे धान्य, कारण त्यांच्या मुलखात ते पुरेसे पिकत नाही. धान्य होते जर्मन व्यापाऱ्यांकडे. ल्यूबेक शहराच्या पुढाकाराने चालणाऱ्या 'हान्सा' या व्यापारी संघाने १३६० च्या सुमारास बर्गनला आपली पेढी रीतसर स्थापन केली आणि खाडीच्या पूर्व काठावरचा धक्का हळूहळू जर्मनांच्या ताब्यात गेला. हाच तो 'ब्रिगेन'. या शब्दाचा अर्थच मुळी धक्का. कोळ्याला धान्य आणि इतर माल उधारीवर मिळे, पुढच्या वर्षीच्या माशांतून ते कर्ज फेडायचे, आणि फिटेपर्यंत दुसऱ्या व्यापाऱ्याकडे जायचे नाही. कर्ज सहसा फिटत नसे. बापाचे खाते मुलाच्या नावावर चढे. कूळ आणि सावकार यांचा इतिहास ज्या मुलखाला ठाऊक आहे, त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल.

आज फोटोत जी रंगीत, टोकदार छपरांची घरे दिसतात ती या व्यापाराची घरे. समोरून ती अरुंद दिसतात, पण प्रत्येक घर म्हणजे मागे लांबवर गेलेली लाकडी इमारतींची ओळ असते. दोन ओळींच्या मध्ये लाकडी फळ्यांची चिंचोळी बोळ. वरच्या मजल्यांना बाहेरून सज्जे. मासे वर चढवायला कप्पीचे यंत्र. मालक, गुमास्ते आणि उमेदवारी करणारी पोरे सगळी तिथेच राहत. बाया नव्हत्या, कारण पेढीत असेपर्यंत लग्न करायला जर्मनांना बंदी होती. स्थानिकांशी सोयरिक झाली तर व्यापाराचे गुपित फुटेल ही भीती. आणखी एक नियम मला फार बोलका वाटतो. या घरांत आग पेटवायला मनाई होती. नॉर्वेचा हिवाळा आणि चूल नाही! स्वयंपाक, जेवण, ऊब आणि पोरांची शाळा यांसाठी मागच्या बाजूला वेगळ्या सभाघरांची सोय होती. रात्री ती पोरे लाकडी कपाटासारख्या बंद खाटांत अंग चोरून झोपत.

एवढी काळजी घेऊनही आगी लागल्याच. ११९८, १२४८, १४७६ अशी मोठ्या आगींची मालिकाच आहे. १७०२ च्या आगीत तर जवळजवळ अख्खे शहर जळाले. आज जागतिक वारसा म्हणून जी घरे दाखवतात ती सगळी या आगीनंतर बांधलेली आहेत. मग त्यांना मध्ययुगीन का म्हणायचे? उत्तर असे की दर आगीनंतर लोकांनी जुन्याच रेषांवर, जुन्याच मापाने घरे उभी केली. जमिनीच्या हद्दी त्याच, बोळी त्याच, सांधे जोडण्याची सुतारी रीतही तीच. लाकूड नवे आणि घर जुने. जुने घर पाडून त्याच पायावर नवे उठवणाऱ्या आपल्या गवंड्या-सुतारांना हे चटकन समजेल. भेद इतकाच की बर्गनच्या माणसाने आराखडाही बदलला नाही, कारण प्रत्येक इंचावर कुणाचा ना कुणाचा हक्क लिहिलेला होता.

जर्मन पेढी १७५४ मध्ये बंद झाली. नॉर्वेजियन व्यापारी त्याच घरांत, बऱ्याच अंशी त्याच पद्धतीने धंदा करू लागले. एकोणिसाव्या शतकात ही सारी व्यवस्था मागे पडली. १८७२ मध्ये योहान विल्हेल्म ओल्सेन या व्यापाऱ्याने आपले जुने घर आतल्या सामानासकट जपून तिथे संग्रहालय सुरू केले. (ही इमारत मोठ्या दुरुस्तीसाठी २०१८ मध्ये बंद करण्यात आली.) पण एका माणसाच्या हौसेने शहर वाचत नसते. १९०० च्या सुमारास धक्क्याचा दक्षिणेकडचा भाग पाडून तिथे विटांच्या इमारती उभ्या राहिल्या. दर्शनी बाजूला टोकदार छपरे तेवढी जुन्यासारखी ठेवली.

पुढची पाळी युद्धाची. एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वे व्यापला. २० एप्रिल १९४४ ला बर्गनच्या बंदरात 'फोरबोडे' नावाच्या डच जहाजाचा स्फोट झाला. त्यात सुमारे १२० टन स्फोटके होती. दीडशेहून अधिक माणसे मेली, हजारो जखमी झाली. हाकॉन राजाच्या दरबाराचे छप्पर गेले, शेजारचा रोझेनक्रान्त्स बुरूज कोसळला, लाकडी घरांचेही मोठे नुकसान झाले. दरबार पुन्हा बांधून १९६१ मध्ये खुला झाला, म्हणजे त्या राजपुत्राच्या लग्नाला बरोबर ७०० वर्षे झाली तेव्हा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. युद्ध संपेपर्यंत या धक्क्याला लोक 'तिस्केब्रिगेन' म्हणत, म्हणजे जर्मनांचा धक्का. पाच वर्षांच्या जर्मन अंमलानंतर ते नाव बर्गनच्या लोकांना नको झाले आणि १९४५ मध्ये धक्क्याचे नाव नुसते 'ब्रिगेन' करण्यात आले. एवढ्याने भागले नाही. ४ जुलै १९५५ ला पुन्हा आग लागली आणि उरलेल्या घरांपैकी बरीचशी जळून गेली. तेव्हा शहरात उघड बोलले जाऊ लागले की आता हे सगळेच पाडून टाकावे. कुजलेली लाकडे, उंदीर, आगीची कायमची भीती, आणि वर परक्यांची आठवण! हे कशाला राखायचे?

हा प्रश्न गोव्यातल्या माणसाला परका नाही. १९६१ नंतर आपल्यापुढेही तो वेगवेगळ्या रूपांत येत राहिला आहे. परक्या सत्तेने मागे ठेवलेली वास्तू आपली की त्यांची? माझे स्वतःचे उत्तर देण्याआधी बर्गनने काय केले ते सांगतो, कारण ते वादविवादापेक्षा अधिक शिकवणारे आहे. त्यांनी जळालेली जागा खणायला घेतली.

आस्बयॉर्न हेर्टाइग या पुरातत्त्वज्ञाच्या देखरेखीखाली १९५५ मध्ये उत्खनन सुरू झाले आणि ते १३ वर्षे चालले. खाली आगींचे थर एकावर एक मिळत गेले. कुठली आग कधी लागली हे लेखी साधनांतून ठाऊक असल्यामुळे त्या राखेच्या थरांवरून प्रत्येक वस्तूचा काळ ठरवता आला. ज्या आगींनी शहर नष्ट केले, त्यांनीच त्याचे पंचांग तयार करून ठेवले होते. दर आगीनंतरचा ढिगारा लोक खाडीत ढकलत आणि धक्का थोडा पुढे सरकत असे, हेही दिसून आले. ओल्या मातीत हवा न पोचल्यामुळे चामडे, कापड, लाकूड न कुजता राहिले होते.

आणि त्यात सापडल्या काटक्या. लाकडाच्या छोट्या काटक्यांवर रून लिपीत कोरलेले मजकूर. रून ही जुनी, सरळ रेषांची लिपी. ती मुख्यतः दगडी स्मारकांवर कोरण्यासाठी वापरत आणि मध्ययुगात तिचा वापर जवळजवळ संपला होता, असा विद्वानांचा समज होता. बर्गनच्या मातीने तो मोडीत काढला. सहाशेहून अधिक लेख निघाले आणि ते राजांचे नव्हते. मालाच्या गाठोड्याला बांधलेली मालकाच्या नावाची पट्टी, हिशेबाची चिठ्ठी, प्रार्थना, प्रेमाचे शब्द, थट्टा. एका काटकीवर गीदा नावाच्या बाईचा कुणाला तरी घरी परत येण्याचा निरोप आहे. नवरा दारूच्या गुत्त्यात बसला असावा आणि बायकोने चिठ्ठी धाडली असावी, असा तर्क अभ्यासक करतात. उत्तर द्यायचा त्याचा प्रयत्न उलट्या बाजूवर आहे, पण तो वाचता येत नाही म्हणे! आठशे वर्षांपूर्वीचा संसार त्या काटकीवर उभा राहतो.

म्हणजे 'जर्मनांचा धक्का' म्हणून जो पाडायचा होता, त्याच्याखाली जर्मन येण्याच्या आधीचे बर्गन जपले गेले होते. १९६२ मध्ये घरांच्या जतनासाठी न्यास स्थापन झाला, १९७६ मध्ये उत्खननाच्या जागीच संग्रहालय उघडले आणि १९७९ मध्ये युनेस्कोने ब्रिगेनला जागतिक वारसा ठरवले. उरलेल्या इमारती ६२. त्यांत आज कारागिरांच्या खोल्या, दुकाने, खानावळी आहेत. पुढे एक नवे संकट आले. शेजारी नवी बांधकामे झाली, भूजल खाली उतरले, ओल गेलेल्या मातीतले लाकूड कुजू लागले आणि घरे खचू लागली. मग पावसाचे पाणी मुद्दाम जमिनीत मुरवून पातळी पुन्हा वर आणण्याची कामे करावी लागली. ज्या पावसाला शहर कंटाळलेले, तोच इथे औषध म्हणून वापरला गेला.

यादीतल्या मधल्या ठिकाणांसाठी दोन-चार वाक्ये. फ्लॉयन डोंगरावर ३२० मीटरवर नेणारी तारेने ओढायची रेल्वे १९१८ पासून चालू आहे आणि वरून सगळे बंदर नकाशासारखे दिसते. ग्रीग यांचे घर 'ट्रोल्डहाउगन' शहराबाहेर आहे, ते १८८५ मध्ये बांधले. फांतोफ्त येथील लाकडी चर्च मूळ सन ११५० च्या सुमाराचे, १८८३ मध्ये दुसऱ्या गावाहून उचलून इथे आणलेले. ६ जून १९९२ ला कुणीतरी ते जाळले. १९९७ मध्ये ते जुन्या पद्धतीने पुन्हा उभे राहिले. पाहायला जाणारे त्याला जुने चर्चच म्हणतात, आणि ब्रिगेनच्या हिशेबाने पाहिले तर त्यात वावगे काही नाही.

आता यादीतले शेवटचे नाव. धक्क्यावरून रेल्वे स्थानकाच्या दिशेला चालत निघाले की थोड्याच वेळात सेंट यॉर्गन इस्पितळ लागते. याचा पहिला उल्लेख १४११ चा आहे. म्हणजे धक्क्यावर माशांचे सौदे होत होते, त्याच काळात गावाच्या कडेला महारोग्यांना ठेवले जात होते. आजच्या इमारती १७०२ च्या आगीनंतरच्या, लाकडीच. मधोमध एक मोठे दालन, त्याच्या दोन्ही अंगांना दोन मजल्यांवर छोट्या छोट्या खोल्या, शेजारी स्वयंपाकघर आणि चर्च. एका खोलीत दोन माणसे. गर्दी वाढली तेव्हा तेवढीही जागा पुरेना. रोगी आत आला की बहुधा मरेपर्यंत तिथेच. १८१६ मध्ये इथले धर्मोपदेशक योहान एर्न्स्ट वेलहावेन यांनी रुग्णांच्या हालांचे वर्णन लिहून प्रसिद्ध केले, तेव्हा कुठे बाहेरच्या जगाचे लक्ष गेले.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपात बहुतेक ठिकाणी हा रोग जवळजवळ नाहीसा झाला होता. नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र तो वाढत होता. डॉ. दानिएल दानिएल्सेन यांनी डॉ. बेक यांच्यासह १८४७ मध्ये या रोगावर मोठा ग्रंथ काढला. दानिएल्सेन यांनी स्वतःला रोग टोचून पाहिला, तो लागला नाही, आणि तो आनुवंशिक आहे हे त्यांचे मत पक्के झाले. आणि १८५६ मध्ये नॉर्वे सरकारने एक नोंदवही सुरू केली.

या नोंदवहीपाशी मी बराच वेळ थांबलो. माझा जन्म नोंदवह्यांत गेला आहे. आवक, जावक, हजेरी, साठा. कंटाळवाणे काम, आणि ते कुणी मन लावून केले तर त्याचे नाव कुठे लागत नाही. नॉर्वेच्या त्या नोंदवहीत प्रत्येक कुष्ठरोग्याचे नाव, गाव, शेत, रोग कधी सुरू झाला, घरात आणखी कुणाला आहे का, पुढे त्याचे काय झाले, हे गावोगावचे वैद्यकीय अधिकारी लिहून पाठवत. एका रोगासाठी अख्ख्या देशाची नोंदवही ठेवण्याचा हा जगातला पहिला प्रयत्न. वर्षानुवर्षे तिच्यात ८ हजारांहून अधिक माणसे नोंदली गेली. कुठल्याशा खेड्यातल्या कुणा कारकुनाने थंडीत बोटे चोळत त्या ओळी लिहिल्या असतील.

त्या ओळींमधून एक तरुण डॉक्टर दुसराच अर्थ वाचत होता. गेरहार्ड आर्मावर हान्सेन, बर्गनचाच मुलगा. तो दानिएल्सेन यांच्याकडे काम करत होता आणि त्यांचा जावईही झाला. रोग घराघरांत कसा पसरतो हे पाहून त्याला वाटू लागले की हा रक्तातून नव्हे, संसर्गातून येतो. फेब्रुवारी १८७३ मध्ये रुग्णाच्या गाठीतल्या द्रावात त्याला सूक्ष्मदर्शकाखाली काडीसारखे जंतू दिसले. दीर्घकाळ चाललेल्या मानवी रोगाचे कारण जंतू असू शकतो, हे दाखवणाऱ्या अगदी पहिल्या शोधांपैकी हा एक. १८८८ च्या सुमारास तो अमेरिकेलाही गेला आणि तिथे स्थलांतरित झालेल्या नॉर्वेजियन रोग्यांच्या मुलाबाळांत रोग नाही हे पाहून आला. रक्तातून येत असता तर तिथेही आलाच असता. सासऱ्याचे मत जावयाने खोडले, आणि तरी दोघांचे संबंध टिकले, ही गोष्टही मला मोठी वाटते.

पण हान्सेनची गोष्ट इथे थांबवली तर ती अर्धीच सांगितल्यासारखी होईल. जंतू दिसला तरी तो रोग उत्पन्न करतो हे सिद्ध करता येईना. १८७९ मध्ये त्याने इस्पितळातल्या कारी नावाच्या ३३ वर्षांच्या बाईच्या डोळ्याला, दुसऱ्या रोग्याच्या गाठीचा अंश लावलेल्या शस्त्राने टोचले. तिला विचारले नव्हते. तिने तक्रार केली. खटला उभा राहिला आणि १८८० मध्ये न्यायालयाने हान्सेनला इस्पितळाच्या पदावरून दूर केले. शोधाने तोवर त्याचे नाव झाले होते, ती एक गरीब, आजारी, शेतकरी घरातली बाई. तरीही निकाल तिच्या बाजूने लागला. रुग्णाच्या संमतीचा कायदा जगात कुठे नीट लिहिलाही नव्हता तेव्हाची ही गोष्ट. देशाचा कुष्ठरोग अधिकारी हे पद मात्र हान्सेनकडे राहिले. १८७७ आणि १८८५ च्या कायद्यांमागे तोच होता. या कायद्यांनी रोग्याला घरात वेगळी खोली द्यावी, नाहीतर इस्पितळात पाठवावे, असे ठरवले. रोग हटत गेला, पण त्या वेगळ्या खोलीत आयुष्य काढणाऱ्यांचे काय झाले असेल याचा विचार आकडे करत नाहीत.

सेंट यॉर्गनमधले शेवटचे दोन रुग्ण १९४६ मध्ये वारले. १९७० मध्ये तिथे संग्रहालय झाले. २००१ मध्ये बर्गनच्या कुष्ठरोगविषयक दप्तराला युनेस्कोने जगाच्या स्मृतिठेव्यात स्थान दिले. धक्क्यावरची घरे जागतिक वारसा, आणि ही कागदांची दप्तरेही जागतिक वारसा. एकाच शहरात दोन्ही, चालत जाण्याच्या अंतरावर.

हा रोग आपल्यापासून दूरचा नाही, हे सांगायला हवे. सासष्टीतल्या माकाझान येथे १९३० च्या दशकात कुष्ठरोग्यांसाठी वेगळे रुग्णालय उभे राहिले, त्यामागे डॉ. फ्रोयलानो द मेलो यांची खटपट होती. वरोऱ्याचे आनंदवन आणि बाबा आमटे मराठी माणसाला सांगावे लागत नाहीत. औषधे १९८० च्या दशकापासून अशी आहेत की रोग पूर्ण बरा होतो. २००५ च्या अखेरीस देशात सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून तो संपल्याचे जाहीर झाले, तरी जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतात सापडतात. आणि जोडीदाराला कुष्ठरोग आहे म्हणून घटस्फोट मागता येण्याची तरतूद आपल्या कायद्यांतून निघाली ती थेट २०१९ मध्ये. हान्सेनने जंतू पाहिल्यावर १४६ वर्षांनी!

मघाशी टाळलेल्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. परक्यांनी बांधलेले आणि आपल्याला लाज वाटेल असे, या दोन्ही गोष्टी राखाव्यात असे मला वाटते, आणि त्याचे कारण भावनेपेक्षा व्यवहाराचे आहे. बर्गनने जर्मनांचा धक्का पाडला असता तर स्वतःच्या आठशे वर्षांपूर्वीच्या काटक्या गमावल्या असत्या. महारोग्यांची नोंदवही जाळली असती तर ज्यांची नावे दुसरीकडे कुठेच लिहिलेली नाहीत, अशी हजारो माणसे दुसऱ्यांदा मेली असती. आपल्याला नकोसे वाटते त्याच्या पोटात आपलेच काय दडले आहे, हे पाडण्याच्या दिवशी कुणालाच माहीत नसते.

त्या मुलाला मी पुढच्या वेळचे काम सांगून ठेवले आहे. जहाज बर्गनला लागले की डोंगराच्या रेल्वेची रांग सोडायची, रेल्वे स्थानकाच्या बाजूला चालत जायचे आणि त्या लाकडी दालनात दोन्ही बाजूंच्या खोल्यांची दारे मोजून यायची.